मुद्राचित्रणाची कार्यशाळा मोडू नका : विद्यापीठाच्या प्राधिकाऱ्यांना खुले पत्र

मा. कुलगुरू, मा. अधिष्ठाता आणि दृश्यकला अभ्यासमंडळाचे सर्व सदस्य,

सविनय नमस्कार.

येत्या सत्रापासून मुद्राचित्रणाची, म्हणजे प्लेटवर किंवा दगडावर चित्र करून त्याचे कागदावर ठसे काढण्याच्या कलेची, कार्यशाळा बंद करून त्या जागी डिजिटल छपाईची प्रयोगशाळा उभारायची, हा विषय सलग चार तासांच्या प्रात्यक्षिकाऐवजी पन्नास मिनिटांच्या तासिकांत बसवायचा आणि निवृत्त झालेल्या तंत्रसहायकांची जागा भरायची नाही, अशा निर्णयाचे परिपत्रक आमच्या हाती आले. निर्णयाआधी या विभागात शिकवणाऱ्या कुणालाही विचारले गेले नाही. विद्यार्थ्यांना तर ते सूचनाफलकावरच वाचायला मिळाले. आम्ही रीतसर निवेदन दिले. त्याची पोच मिळाली, उत्तर मिळाले नाही. म्हणून आता उघडपणे लिहीत आहे.

मी याच विषयात शिकले आणि बरीच वर्षे तोच शिकवते आहे. या निर्णयाने माझी नोकरी जात नाही, नव्या प्रयोगशाळेत मला तास मिळतील असे सांगण्यात आले आहे. तेव्हा हा माझ्या पोटापाण्याचा प्रश्न नाही. पण जे माझ्या शिक्षकांनी मला हाताला धरून शिकवले, ते पुढच्या मुलांना शिकवण्याची सोय डोळ्यांदेखत मोडली जात असताना गप्प बसणे मला जमणार नाही. कागदावर हा बदल लहान दिसतो. विषयाचे नाव तेच, क्रेडिट तेवढीच, गुणपत्रिकेतला रकानाही तोच. आत मात्र फारसे काही उरत नाही. ते कसे, हे सांगायला मला थोडे तपशिलात शिरावे लागेल, कारण निर्णय घेणाऱ्यांपैकी बहुतेकांनी ही कार्यशाळा चालू असताना पाहिलेली नाही.

आधी वेळापत्रकाचे बोलते. एचिंगमध्ये, म्हणजे धातूच्या प्लेटवर आम्लाने रेघा कोरून त्या छापण्याच्या पद्धतीत, पन्नास मिनिटांत काय होते ते पाहा. जस्ताची किंवा तांब्याची प्लेट घ्यायची आणि तिच्या कडा कानशीने तिरप्या घासायच्या, नाहीतर प्रेसच्या दाबाखाली ती कागदही कापते आणि त्यावरची लोकरी ब्लँकेटही. मग खडूच्या भुकटीने चोळून तिच्यावरचा तेलकटपणा घालवायचा. पाणी ओतल्यावर ते सलग पसरले, कुठे आक्रसून थेंब झाले नाहीत, की प्लेट स्वच्छ झाली. मग ती तापवून तिच्यावर ग्राउंडचा, म्हणजे आम्लाला अडवणाऱ्या बिट्यूमेन, मेण आणि राळ यांच्या मिश्रणाचा पातळ थर रोलरने चढवायचा आणि निवू द्यायचा. इथवर येईपर्यंत तास संपलेला असतो, आणि चित्राची एक रेघही ओढून झालेली नसते.

पुढे सुईने ग्राउंड खरवडत रेखाटन, आणि मग उघड्या पडलेल्या रेघा कोरणारे आम्ल. तांब्यासाठी फेरिक क्लोराइड. त्यात रेघांच्या तळाशी गाळ बसतो, म्हणून प्लेट उभी टांगायची किंवा पालथी ठेवायची. जस्त नायट्रिक आम्लात घातले तर रेघांवर बुडबुडे धरतात, ते पिसाने अलगद हलवत राहायचे. ज्या रेघा फिकट हव्यात त्या लवकर बाहेर काढून झाकायच्या, ज्या गडद हव्यात त्यांना आणखी खोल जाऊ द्यायचे. ॲक्वाटिंटमध्ये, म्हणजे रेघांऐवजी सलग छटा उमटवण्याच्या पद्धतीत, राळेची बारीक धूळ प्लेटवर बसवून ती खालून तापवायची आणि मग आम्लात टप्प्याटप्प्याने सोडायची : पाव मिनिट, अर्धे मिनिट, एक, दोन, चार. प्रत्येक टप्प्याला प्लेट बाहेर काढायची, धुवायची, वाळवायची, पुढचा भाग झाकायचा. छपाईच्या दिवशी कागद आधीच भिजवून टिपकागदात दाबून ठेवलेला हवा. शाई रेघांत भरायची, टार्लटनच्या जाळीदार कापडाने गोल हात फिरवत पुसायची आणि शेवटी तळहाताने. हा शेवटचा हात मी शब्दांत सांगून पाहते, पण मुलांना तो कळतो माझ्या शेजारी उभे राहून, माझा तळहात प्लेटवरून किती हलका जातो ते बघून. नंतर त्यांचा हात किती जड पडतो ते मी बघते, तेव्हा कुठे शिकवणे सुरू होते. हे सगळे घंटा झाली म्हणून अर्ध्यात टाकून जाता येत नाही. शाई लावलेली प्लेट तशीच ठेवून गेलो तर पुढच्या तासापर्यंत रेघांत शाई वाळून बसते.

शिलामुद्रणाचे, म्हणजे दगडावरून छपाईचे, तर याहून अवघड. आलॉइस झेनेफेल्डर यांनी 1796 च्या सुमारास शोधलेले हे तंत्र तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत एवढ्या साध्या गोष्टीवर उभे आहे. पण ती साधी गोष्ट दगडावर घडवायला कॅर्बोरंडमच्या भुकटीने दगड घासून सपाट करावा लागतो, तेलकट खडूने चित्र काढावे लागते, अरबी गोंदात नायट्रिक आम्लाचे थेंब मिसळून तो थर दगडावर द्यावा लागतो आणि मग दगडाला विसावा द्यावा लागतो. शाई चढवताना दगड ओला हवा, पण पाणी साचलेले नको. एक जण स्पंज फिरवतो, दुसरा रोलर. दोघांची लय जमली नाही तर कोऱ्या जागेवर शाई धरते आणि सगळे काम वाया जाते. दोन माणसे, एक दगड आणि मोकळी दुपार एवढे तरी लागतेच.

वेळापत्रक ठरवणाऱ्यांनी एवढे जरी ऐकून घेतले असते तरी पन्नास मिनिटांची तासिका त्यांनी स्वतःच बाद केली असती, असे मला वाटते.

दुसरी तक्रार तंत्रसहायकांच्या जागेबद्दल आहे, आणि ती मला सगळ्यांत जास्त लागते. आमचे सहायक निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या जागी कुणी आले नाही. ‘हे काम शिक्षक सांभाळतील’ असे आम्हाला तोंडी सांगण्यात आले. ते काम काय होते, हे कुणी विचारलेच नाही. रोलरवर शाई पसरवताना जो चरचर आवाज येतो, त्यावरून ते शाई जास्त झाली की कमी हे दुसऱ्या टोकाला उभे राहून सांगत. प्रेसचे चाक फिरवताना हाताला येणाऱ्या जोरावरून दाब सारखा आहे की एका बाजूने ढिला, हे त्यांना कळे. कागदातली खळ शोषून ब्लँकेट कडक झाली की ती बदलणे, आम्लाची धार कमी झाली की ते नवे करणे, वापरलेले आम्ल निष्प्रभ करून मगच टाकणे, ही कामे आम्ही वर्गात असताना ते करत. मुलांनी मला जितके विचारले असेल त्याहून जास्त त्यांना विचारले. विद्यापीठाच्या कागदोपत्री ते अध्यापक नव्हते, पण माझ्या मते ते होते.

आज तासिका तत्त्वावर येणारे तरुण सहकारी मन लावून शिकवतात. त्यांना दोषही देता येत नाही. पण ज्याला पुढच्या सत्रात आपण इथे असू की नाही हेच माहीत नाही, त्याने प्रेसची देखभाल कुठल्या हक्काने आणि कशाच्या भरवशावर करायची?

ही साखळी एकदा तुटली की काय होते, याचा दाखला मुद्राचित्रणाच्या इतिहासातच आहे. विसाव्या शतकाच्या मध्याला अमेरिकेत दगडावरून कलावंतांची चित्रे छापून देणारे निष्णात मुद्रक जवळजवळ उरले नव्हते. जून वेन या चित्रकर्तीला आपले काम छापून घ्यायला युरोप गाठावा लागे. तिने 1960 मध्ये फोर्ड फाउंडेशनच्या अनुदानातून लॉस एंजेलिसला टॅमरिंड कार्यशाळा काढली, ती मुळात मुद्रक घडवण्यासाठी. 1970 मध्ये ती न्यू मेक्सिको विद्यापीठाशी जोडली गेली आणि आजही चालू आहे. विद्यापीठाने काय करायला हवे याचे हे उत्तम उदाहरण आहे. पण मोडलेली साखळी पुन्हा सांधायला तिथे मोठे अनुदान, कितीतरी माणसे आणि दहा वर्षे लागली, हेही ध्यानात घ्या. आपल्याकडे ती अजून पुरती तुटलेली नाही. एक जागा भरली तरी ती टिकेल.

तिसरी गोष्ट सामानाची. जुने प्रेस ‘कालबाह्य यंत्रसामग्री’ म्हणून निर्लेखित करायच्या, म्हणजे वापरातून कायमचे काढून टाकायच्या, यादीत घातले आहेत. एचिंगच्या प्रेसमध्ये पोलादाचे दोन रूळ, मधून सरकणारा सपाट पाट, दाब कमीजास्त करायचे स्क्रू आणि एक चाक असते. त्यात कालबाह्य होण्यासारखे काही नाही. बेअरिंगला वंगण आणि वर्षातून एकदा नीट तपासणी मिळाली तर असा प्रेस शिक्षकांच्या पिढ्या पाहतो. उलट त्याच यादीतल्या संगणकांची मुदत किती, हे आपण सगळे जाणतो.

आणि शिलामुद्रणाचे दगड! बव्हेरियातल्या सोलनहोफेनच्या खाणींतला हा चुनखडक इतका बारीक आणि एकजिनसी असतो की त्याच्या तोडीचा दगड दुसरीकडे क्वचितच सापडतो. आज बहुतेक कार्यशाळा जुन्या छापखान्यांतून वाचलेल्या दगडांवरच चालतात. प्रत्येक विद्यार्थ्याचे काम झाले की दगड घासून पुन्हा कोरा करतात. त्यात तो कणाकणाने झिजतो, पण नीट सांभाळला तर पुष्कळ वर्षे पुरतो. आमच्यातले काही दगड भिंतीला टेकून व्हरांड्यात उघड्यावर ठेवले आहेत, आणि ते बागेतल्या पायवाटेला वापरावेत अशी सूचना एका बैठकीत झाली, असे मला समजले. ही सूचना कुणी केली याच्याशी मला कर्तव्य नाही. ती इतिवृत्तातून काढून टाका आणि दगड आत आणा, एवढीच विनंती आहे. पावसात डागाळलेला आणि कडा फुटलेला दगड भरून देणे विद्यापीठाला पैसे टाकूनही सोपे जाणार नाही.

आता डिजिटल प्रयोगशाळेबद्दल. मी तिच्या विरोधात नाही आणि आमच्यापैकी कुणीच नाही. स्क्रीन प्रिंटिंगसाठी लागणारी पारदर्शक पॉझिटिव्ह आम्ही आजही प्रिंटरवरच काढतो. प्रकाशाने घट्ट होणाऱ्या फोटोपॉलिमर प्लेटवर संगणकातली प्रतिमा उतरवून ती एचिंगच्या प्रेसवर छापतो, आणि मुलांना ते मनापासून आवडते. पण प्रेसच नसेल तर ती प्लेट छापायची कशावर? डिजिटल छपाई कार्यशाळेच्या शेजारी आली तर दोन्हींचे भले होईल. तिच्या जागी आली तर मुद्राचित्रणातले मुख्य अंगच जाईल, आणि ते अंग म्हणजे दाब आणि पदार्थ. मुद्राचित्रकार आणि शिल्पकार सोमनाथ होर यांची ‘जखमा’ ही मालिका आठवा. पृष्ठभागावर वार करून, भाजून, त्याचा साचा घेऊन कागदाच्या लगद्यात त्यांनी त्या खुणा उमटवल्या. बहुतेक ठिकाणी शाई नाही, आहे तो पांढऱ्यावर पांढरा उठाव. ज्याने आयुष्यभर प्लेटला आणि आम्लाला हात लावला आहे त्यालाच असे काही सुचू शकते. आज ज्या मुलीला तांब्याची प्लेट हातात धरायलाच मिळणार नाही, तिला उद्या काय सुचायचे ते सुचण्याची वाटच आपण बंद करत आहोत.

एकत्र काम करण्याचा मुद्दा परिपत्रकात कुठेच नाही, म्हणून तो मुद्दाम मांडते. मुद्राचित्रकार स्टॅन्ली विल्यम हेटर यांनी 1927 मध्ये पॅरिसला काढलेल्या आणि पुढे ‘आटेलिए 17’ या नावाने जगभर गाजलेल्या कार्यशाळेत नवखे आणि नामवंत एकाच टेबलावर काम करत. तिथेच पुढे भारतीय मुद्राचित्रकार कृष्णा रेड्डी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकाच प्लेटवर कमीजास्त तेलाच्या शाया आणि मऊ-कडक रोलर वापरून एकाच दाबात अनेक रंग छापण्याचे तंत्र विकसित केले. रेड्डी मुळात शिल्पकार. प्लेटकडे ते खोलीच्या अंगाने पाहत, आणि शाई किती पातळ असली की ती दुसरीला झिडकारते हे अनेकांनी मिळून पुनःपुन्हा करून पाहिले, तेव्हा ते तंत्र बसले. असे शोध एका खोलीत, एका प्रेसभोवती, एकमेकांचे ओले ठसे बघता बघता लागतात. आमच्या कार्यशाळेतही चित्रकलेचा विद्यार्थी शिल्पकलेच्या मुलीला ब्लँकेट धरून मदत करतो आणि तिची प्लेट बघून स्वतःची बदलतो. स्वतंत्र संगणकासमोर बसलेल्या मुलांना हे कसे मिळेल, याचे उत्तर मला परिपत्रकात सापडले नाही.

विद्यार्थिसंख्येचे कारण दिले आहे. ते अपुऱ्या मोजणीवर आधारलेले आहे. मुद्राचित्रण हा मुख्य विषय घेणारे थोडे असतात, हे खरे. पण ऐच्छिक विषय म्हणून येणारे, चित्रकला, शिल्प, उपयोजित कला अशा सगळ्या विभागांतून येणारे विद्यार्थी त्या आकड्यात धरलेलेच नाहीत. ते धरा आणि मग बोला.

सुरक्षिततेचे कारणही दिले आहे, आणि त्याचा मला सर्वांत जास्त खेद वाटतो. आम्ल, राळेची धूळ, द्रावकांची वाफ यांत धोका आहे, हे आम्हीच वारंवार लिहून कळवले होते. आम्ही एक्झॉस्टची मागणी केली, डोळे धुण्याच्या नळाची केली, राळेसाठी बंद पेटीची केली. त्या मागण्या पडून राहिल्या आणि आज त्याच उणिवा कार्यशाळा बंद करण्याचे कारण म्हणून आमच्यापुढे ठेवल्या आहेत. जगभरच्या कलाशाळांनी यातून वाट काढली आहे. तांब्यासाठी फेरिक क्लोराइडमध्ये सायट्रिक आम्ल मिसळून केलेले, एडिनबरोच्या नावाने ओळखले जाणारे द्रावण 1990 च्या दशकापासून वापरात आहे. जस्तासाठी मोरचूद आणि मिठाचे द्रावण चालते, नायट्रिकचा विषारी वायू टळतो. अर्थात त्याचे पाणीही सरळ गटारात सोडता येत नाही, त्याची व्यवस्था करावी लागतेच. प्लेटवरची शाई खाद्यतेलाने निघते, रॉकेल लागत नाही. हे सगळे आम्ही करायला तयार आहोत. काही आम्ही पदरचे पैसे घालून सुरूही केले आहे.

मूल्यमापनाचा मुद्दा राहिला. नव्या आराखड्यात सत्राअखेर ठरावीक संख्येने ‘पूर्ण मुद्राचित्रे’ सादर करायची आहेत आणि गुण त्यांनाच आहेत. याने मुले एक प्लेट कशीबशी उरकून दुसरीकडे वळतील. मुद्राचित्रणात मात्र एकाच प्लेटशी झटत राहण्यात खरे शिक्षण आहे. डच चित्रकार रेम्ब्रांट यांनी 1653 मध्ये ‘तीन क्रूस’ ही प्लेट केली, तिचे ठसे काढले, आणि काही वर्षांनी त्याच प्लेटवर पुन्हा हात घातला. घासून, खरवडून, अंधाराच्या रेघा ओढून त्यांनी गर्दीतली कितीतरी माणसे पुसून टाकली. दोन्ही अवस्थांचे ठसे शेजारी ठेवले की चित्रकार विचार कसा करतो हे विद्यार्थ्याला कुठल्याही व्याख्यानापेक्षा स्वच्छ दिसते. प्लेट आपल्या पूर्वीच्या अवस्था विसरते, पण ठसे त्या जपून ठेवतात. विद्यार्थ्याने काढलेले हे मधले ठसे तपासायला मागा, त्यांना गुण द्या. फक्त शेवटचा स्वच्छ कागद मागाल तर तो शेवटचा कागदही बरा निघणार नाही.

आमच्या मागण्या अशा आहेत.

परिपत्रकाची अंमलबजावणी थांबवावी आणि मुद्राचित्रण विभागाचे अध्यापक व विद्यार्थ्यांचे प्रतिनिधी यांच्याशी बैठक होईपर्यंत कार्यशाळेतली एकही वस्तू हलवू नये. निर्लेखनाच्या यादीतून प्रेस आणि दगड ताबडतोब काढावेत. व्हरांड्यातले दगड याच आठवड्यात आत, लाकडी मांडणीवर ठेवावेत. मांडणी आमच्याकडे आहे, उचलायला चार माणसे द्यावीत.

तंत्रसहायकाची जागा पूर्णवेळ म्हणून भरावी. निवड समितीत प्रत्यक्ष छपाई करणारी किमान एक व्यक्ती असावी आणि उमेदवाराला प्रेसवर काम करून दाखवायला सांगावे. निवृत्त सहायकांना नव्या माणसाला तयार करण्यासाठी मानधनावर बोलवावे. ते यायला तयार आहेत, मी विचारले आहे.

प्रात्यक्षिकाचे सलग चार तास कायम ठेवावेत आणि देखरेख असेल तेव्हा तासांबाहेरही कार्यशाळा उघडी असावी. एक्झॉस्ट, डोळे धुण्याचा नळ आणि आम्लाच्या विल्हेवाटीची सोय यांसाठी तरतूद करावी, अंदाजपत्रक आम्ही आधीच सादर केले आहे. मूल्यमापनात टप्प्याटप्प्याच्या ठशांना आणि कामाच्या नोंदवहीला स्वतंत्र गुण असावेत. डिजिटल प्रयोगशाळा जरूर उभारावी, पण शेजारच्या रिकाम्या खोलीत, दोन्हींमध्ये दार ठेवून.

यातली कोणती मागणी मान्य होणार नाही आणि का, हे लेखी कळवावे. नकार असेल तर निदान कारण तरी असावे आणि ते विद्यार्थ्यांनाही वाचायला मिळावे.

शेवटी एक विनंती. बैठक सभागृहात न घेता कार्यशाळेत घ्या. मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी छपाई चालू असते. येताना जुने कपडे घाला, शाई लागते. तुमच्यापैकी ज्यांची इच्छा असेल त्यांना एक छोटी प्लेट देऊ, ती तुम्ही स्वतः छापा. प्रेसचे चाक विद्यार्थी धरतील. त्यानंतर निर्णयावर बोलू.

आपली,
मुद्राचित्रण विभागातील एक अध्यापिका